शेपूचा घास

माझ्या अडीच वर्षांच्या पोराला फौजी शिस्तीनं शेपू खायला शिकवायला निघालो, ही माझी चूक. आज सुनेनं शेपूला फोडणी दिली, त्या उग्र वासासरशी पलूसचं आमचं जुनं स्वयंपाकघर आठवलं आणि स्वतःचाच असा राग आला, की पानावरून उठावंसं वाटलं.

तेव्हा मी फौजेतून वर्षभरानं सुट्टीवर आलो होतो. पोरगं माझ्याजवळ यायला तयार नव्हतं. आपल्या हातानं भरवलं की ओळखेल, ही माझी अक्कल. भाकरीत शेपू कुस्करून घास पुढं केला, तर त्यानं तोंड घट्ट मिटलं. "आ कर!" मी असा ओरडलो की दारातल्या कोंबड्या उडाल्या. मग त्याचं नाक दाबलं आणि तोंड उघडताच घास कोंबला. दुसऱ्या क्षणी तो हिरवा लगदा, मी रोज पीळ द्यायचो त्या मिशीवर होता.

मी हात उगारला. बायकोनं तो वरच्यावर धरला. "आवं, खुळं का काय तुमी? पोरगं हाय, रंगरूट न्हाई!"

पोरगं तिच्या पदराआड शिरलं आणि हुंदके देत म्हणालं, "आये, ह्यो मामा कवा जानार?"