सायरन वाजत होता

निवृत्तीनंतर माझं पहिलं पोस्टिंग कुपवाड. फोर्जिंगचा कारखाना, काम सेफ्टी सुपरवायझरचं. तोफखान्यातून हवालदार म्हणून आलो होतो, त्यामुळे दिवस फौजेसारखाच लावला. सकाळी हजेरी, मग हेल्मेट, बूट, कानावरचे मफ यांची तपासणी. त्यानंतरच हॅमर सुरू. तापलेल्या लोखंडावर तो आदळला की छातीत दणका बसायचा.

हॅमरवर नायक शामराव होता, इस्लामपूरकडचा. आम्ही दोघं एकाच तोफेवर होतो. मी डिटॅचमेंटचा नंबर वन, म्हणजे कमांडर. तिथे इअरप्लग इन्स्पेक्शनपुरते, डब्यात चकाचक. फायरिंगला सगळ्यांचे कान उघडे. शामरावने तीच सवय इथे आणली. मी दिसलो की मफ कानावर, मी वळलो की गळ्यात.

“तोफंनं काय केलं न्हाई, ह्यो हातोडा काय करतोय रं?”

कान तपासणारी गाडी आली तेव्हा सगळ्यात चांगला निकाल शामरावचा. मला पटेना. त्याच्याशी बोलताना ओरडावं लागायचं. मी त्याची खुर्ची भिंतीकडे वळवून तपासणी पुन्हा घ्यायला लावली. हातात बटण, आवाज ऐकू आला की दाबायचं. बराच वेळ त्याने ते दाबलंच नाही.

“कवापास्नं?” मी ओरडलो.

“फौजेपास्नं. काचंतनं टेक्निशियनचा हात दिसतोय की. त्यो हलला की दाबायचं. सगळी मेडिकल अशीच काढली.” त्याला वाटलं तो हळू बोलतोय. गाडीबाहेरच्या सगळ्यांनी ऐकलं. “न्हाईतर तोफंवरनं काढलं असतं, गड्या.”

“आजपास्नं हॅमर बंद. पॅकिंगला जा.”

“पॅकिंगला बाया हायत. मी गनर हाय.”

“ऑर्डर हाय, शाम.”

“तू आता माझा नंबर वन न्हाईस.”

तो हॅमरकडे गेला. मी मॅनेजरकडे. त्यांनी बदलीवर लगेच सही केली. कागद घेऊन मी शॉपच्या दारात आलो आणि क्रेनचा सायरन वाजला. वर लटकलेल्या डायची, म्हणजे हॅमरच्या पोलादी साच्याची, साखळी सुटत होती. माणसं पळाली. शामराव बरोबर खाली, पाठमोरा, हॅमर पुसत होता.

“शाम! टेक कव्हर!”

मी धावत होतो. पुन्हा ओरडलो. माझा आवाज फाटला. डोक्यावरचं हेल्मेट काढून फेकलं. ते त्याच्या बुटाला लागलं. त्याने हेल्मेट बघितलं, मग मला बघितलं. हसला. मी वर हात केला.

“काय रं?” तो म्हणाला.

डाय पडली.

दुसऱ्या दिवशी त्याच्या गावी अंत्यसंस्कार झाले. त्याची बायको म्हणाली, “घरात टीव्ही लय मोठा लावायचे. आमी म्हणायचो, फौजी मानूस, सगळंच दणक्यात.”

रेजिमेंटचे नऊ जुने गनर आले होते. आम्ही चितेकडे तोंड करून सॅल्यूट दिला. एका माजी सैनिकाने मागे उभं राहून बिगुल वाजवला. बिगुल थांबला. मी हात खाली घेतला. शेजारचे चौघे तसेच उभे होते, हात कपाळाशी, नजर समोर. बिगुल थांबल्याचं त्यांना कळलंच नव्हतं.