पक्कं कधी घ्यायचं

कानमास्तर हे नाव त्यांना पडलं तेव्हा त्यांचे कान तिखट होते. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून ते सांगायचे, वरच्या मजल्यावर खिडकीजवळचं शिलाई मशीन कोरडं पडलंय, तेल मागतंय. कारखान्यातली माणसं बघायची, तर खरंच. शिलाई मशीनं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. पेटीत पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर सगळं होतं, पण मशीन उघडण्याआधी मास्तर डोळे मिटायचे, मान जरा वाकडी करायचे आणि नुसतं ऐकायचे. सुई खाली दोरा अडकवणाऱ्या शटलला घासली की बारीक टिक येते, पट्टा सैल झाला की मशीनला धाप लागते. डॉक्टर छातीला नळी लावतो तसं त्यांचं चालायचं.

पण जन्मभर खडखडाटात बसल्यावर कान तरी किती दिवस साथ देणार? धंद्यानं दिलं ते धंद्यानंच हळूहळू काढून घेतलं. आधी पाखरं गेली, मग दाराची घंटा गेली, मग बायकोचं बोलणं गेलं. त्याचं त्यांना फारसं वाटलं नाही असं लोक म्हणायचे, पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार. ज्या दिवशी ती टिक ऐकू येईना, त्या दिवशी मात्र मास्तर घरी आले आणि जेवणाच्या ताटावर तसेच बसून राहिले.

थोरल्या मुलीनं मग त्यांना कानाची यंत्रं विकणाऱ्या मॅडमकडे नेलं. दोन्ही कानांत शेंगदाण्याएवढं यंत्र, आणि त्याचा कारभार खिशातल्या फोनवर. मॅडम म्हणाल्या, "कंपनीनं यंत्र चालवायची एक नवी प्रणाली केलीय. अजून पुरती झालेली नाही, तिला बीटा म्हणतात. तुमच्यासारखी माणसं वापरून बघतात, काय बिघडतं ते कळवतात. मग कंपनी सुधारून पक्की बाहेर काढते. वापराल का?"

मुलगी समजावून सांगायला पुढे झाली, तर मास्तरांनीच तिला थांबवलं. "कळलं. कच्ची शिलाई. अंगावर चढवून बघायची, कुठे ओढतं, कुठे झोळ पडतो, ते बघून मग पक्की मारायची."

तेव्हापासून घरात त्याचं नाव पडलं कच्चं. आणि जे पुढे यायचं होतं ते पक्कं.

कच्चं होतं मोठं गुणी आणि तितकंच द्वाड. पहिल्या दिवशी मास्तर कारखान्याच्या दारात आले आणि उंबऱ्यावरच थबकले. ओळीनं मांडलेली मशीनं आपापल्या आवाजात बोलत होती. हे कुरकुरतंय, ते खोकतंय, त्या कोपऱ्यातलं तर रडतंय! त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि उगीच चष्मा पुसला. माणसांचं बोलणं मात्र त्या गलक्यात बुडून जायचं. आणि मधेच, काही कारण नसताना, कच्चं झोपी जायचं. सगळं गप्प. मग फोनवरून बंद करायचं, परत चालू करायचं, की पुन्हा जग सुरू. कधी शिट्टी मारायचं. बायको म्हणायची, "अहो, कुकर लावलाय का कानात? उतरवा, करपेल."

असं चाललं होतं. आणि एका सकाळी फोनवर निरोप आला. थोरली घरी आलेली होती, तिनं वाचला.

"बाबा, पक्कं आलं! आता मधेच बंद पडणार नाही, शिट्टी नाही, माणसाचं बोलणं स्वच्छ ऐकू येणार. गाड्या, पंखे, मशीनं यांचा गोंगाट आपोआप कमी होणार."

"कशाचा?"

"मशीनचा."

मास्तरांनी तिच्या हातून फोन काढून घेतला. पोरीनं हत्यारांची पेटी भंगारवाल्याच्या हातात दिली असती तरी त्यांनी याहून हळू ओढली असती.

"आणि एकदा पक्कं घेतलं की कच्च्यावर परत येता येत नाही," थोरली म्हणाली. "कच्चं चालू राहील, पण आता त्यात काही सुधारणार नाहीत. ठेवलं तर आपल्या जबाबदारीवर."

झालं. त्या दिवसापासून मास्तरांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. मुलं तळ्यात-मळ्यात खेळतात ना, तसा त्यांचा खेळ सुरू झाला. फोन काढायचा, चष्मा लावायचा, होकाराच्या चौकोनावर बोट न्यायचं, आणि तापल्या तव्याला लागल्यासारखं मागे घ्यायचं. चहा पिताना हेच, दाढी करताना हेच. रात्री गादीवर पडले की उजव्या कुशीवर 'घ्यावं' आणि डाव्या कुशीवर 'नको'. बायको वैतागली. "एका कुशीवर काय ते ठरवा आणि मला झोपू द्या."

"अगं, पक्की शिलाई पूर्ण झाल्याशिवाय कच्चा दोरा ओढून काढत नाहीत. कपडा हातात येतो सगळा."

"आणि कच्च्या शिलाईचा कपडा घालून कोणी बाजारात जातं का?" ती म्हणाली. तिचंही अर्धं आयुष्य मशीनवर गेलं होतं, ती काय कमी पडणार! "काल गाडीवाला मागून बोंबलत होता, मी दंडाला धरून ओढलं म्हणून आज भांडायला शिल्लक आहात."

मास्तर विचारत सुटले. ऐकावं जनाचं, करावं मनाचं म्हणतात. पण यांना जनाचं नीट ऐकू येईना आणि मन काही ठरवेना. केस कापणारा म्हणाला, नवीन आलं की घेऊन टाकावं. जावई म्हणाला, कुठलंही पक्कं लगेच घेऊ नये, पहिल्या घाण्यात लोकांना पोळू द्यावं, दुसरी दुरुस्ती आली की आपण शिरावं. मास्तरांना जावयाचं पटलं, आणि पटलं म्हणूनच संशय आला. या माणसाचं म्हणणं आजवर कधी पटलं नव्हतं.

शेवटी ते मॅडमकडे गेले. एकटे नाही गेले. हातानं चाक फिरवायचं जुनं लहान शिलाई मशीन बगलेत मारून गेले. बाकावर बसलेली म्हातारी माणसं बघत राहिली.

"पक्कं घातलेलं एखादं यंत्र असेल ना तुमच्याकडे? मला नुसतं ऐकायचंय."

मॅडमनी हसू दाबून यंत्र दिलं. कानात घातल्याबरोबर मॅडमचा आवाज असा आला की मास्तर दचकलेच. शब्दाचं शेवटचं टोकसुद्धा जागेवर होतं. मग त्यांनी टेबलावर मशीन ठेवलं आणि चाक फिरवलं. चाक फिरलं, सुई वरखाली झाली, पण आवाज असा, जसं कोणी शेजारच्या घरात दार लोटून शिवत बसलंय. टिक होती की नव्हती, देव जाणे.

"हे वाढवता येत नाही?"

"थोडं वाढेल. पण बहुतेकांची तक्रारच ही होती, की मशीनचे आवाज डोक्यात जातात. मी कळवते कंपनीला. पुढच्या वेळी कदाचित करतील काहीतरी."

"पुढच्या वेळी म्हणजे कधी?"

"ते कंपनीच्या हातात," मॅडम म्हणाल्या. मास्तरांनी यंत्र काढून दिलं, स्वतःचं घातलं, मशीन बगलेत मारलं. पुढच्या वेळेपर्यंत कच्चंच बरं, असं रस्त्याला लागताना ठरलं. घरी पोचेपर्यंत मोडलं.

आणि त्यातच कारखान्यातलं ते घडलं.

भिंतीकडच्या मशीनवर एक बाई बसायच्या, मोठ्या कामसू. त्यांचं मशीन टाके सोडत होतं. मास्तरांनी ऐकलं, टिक पकडली, शटल सरकवून सुईशी जुळवलं. तोवर जेवणाची सुट्टी झाली. बाकीची मशीनं थांबली, बायका डबे घेऊन गॅलरीत गेल्या. या बाई तेवढ्या शेजारी उभ्या राहिल्या, कारण मशीन सुरू झालेलं डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांना घास उतरला नसता. मास्तर त्यांच्या स्टुलावर बसले, चिंधी सुईखाली घातली आणि पेडल दाबलं.

आवाजच नाही! इतकं हलकं, इतकं गुळगुळीत मशीन त्यांनी उभ्या जन्मात जुळवलं नव्हतं. मास्तर हरखले. "बघा," ते मान न वळवता म्हणाले, "कसं लोण्यासारखं चालतंय!"

आणि पेडल आणखी दाबलं.

लोणी कसलं, सुई शटलवर खडाखड आपटत होती. गॅलरीतल्या बायका डबे टाकून धावल्या. शेजारच्या बाई ओरडत होत्या, "थांबा, काका, थांबा!" आणि चिंधी ओढून काढायला त्यांनी हात घातला. सुई मोडली आणि तिचं टोक त्यांच्या बोटात शिरलं. कच्चं केव्हाच झोपी गेलं होतं. मास्तरांना कळलं ते चिंधीवर लाल ठिपका पसरायला लागला तेव्हा.

त्यांनी यंत्र परत चालू केलं. पहिला आवाज ऐकू आला तो त्या बाईंचा. "काही नाही हो काका, आम्हाला सवय आहे सुया टोचून घ्यायची. एवढं काय त्यात." मुकादम बाईंनी खाली वाकून सुईचे तुकडे वेचले. त्या शिव्या देत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

बाई डॉक्टरकडून बोट बांधून येईपर्यंत मास्तर जिन्यात येरझारा घालत होते. मशीन तसंच उघडं टाकून ते घरी आले. चप्पल एक दारात, एक आत. बायकोनं विचारलं, तर म्हणाले, "माझ्या कानापायी दुसऱ्याचं बोट गेलं असतं." सगळं सांगितलं.

ते खिडकीशी गेले, परत आले, बसले, उठले. "पक्कं घेतलं तर ती टिक गेली. टिक गेली की मग मी कशाचा मास्तर?"

"आणि ती बाई थांबा म्हणाली, ते ऐकू यायला नको?"

मास्तरांनी फोन काढला. चष्मा लावला. बोट चौकोनावर नेलं, आणि या खेपेला मागे घेतलं नाही. फोनवर एक रेघ सरकायला लागली. अशी सावकाश, की त्यांनी मधे दोनदा विचारलं, "अजून थांबवता येईल का गं?" आणि तिनं दोनदा सांगितलं, "नाही."

रेघ भरली. खोलीतल्या पंख्याची घरघर कुठल्या कुठे विरली. बायको स्वयंपाकघरात गेली होती आणि भांडी आवरताना स्वतःशी पुटपुटत होती. "...घेतलं एकदाचं. महिनाभर माझ्या जिवाला घोर. फोन बघू का नको, बघू का नको. नवरा आहे का घड्याळाचा लंबक..."

मास्तर दारात जाऊन उभे राहिले. "इतकी वर्षं तू हे असं सगळं बोलत होतीस?"

तिच्या हातून झाकण पडलं. "तुम्हाला ऐकू येत नव्हतं म्हणून तर बोलत होते! आता काय मेलं, घरातही तोंड सांभाळायचं?"

दुसऱ्या दिवशी ते कारखान्यात गेले ते मान खाली घालूनच. बोट बांधलेल्या बाई दुसऱ्या मशीनवर बसून काम ओढत होत्या. मास्तरांनी शटल परत जुळवलं, चाक हातानं फिरवलं, कान टेकला. शेजारच्या घरातलं ते दार लोटलेलंच. मग तळवा ठेवून बघितला, काही थरथर लागली, पण बाकीच्या मशीनांची थरथर त्यात मिसळलेली. पेटी मिटून जावं असं मनात आलं. पेटी मिटलीही. परत उघडली.

मग ते त्या बाईंकडे गेले आणि म्हणाले, "दिवसभर तुम्ही याच्यावर बसता. मी चालवतो, तुम्ही ऐकाल? हात लांब ठेवा पण."

"मला काय कळतंय त्यातलं?" म्हणत त्या आल्या. मास्तरांनी पेडल हळू दाबलं.

"टिक येते का?"

"येते. पण दर टाक्याला नाही, मधूनमधून."

"मधूनमधून म्हणजे कशी? ठराविक, की कशीही?"

"अहो काका, मी शिवते, गाणं नाही शिकत. थांबा, परत चालवा. हां, जोरात चालवलं की येते."

मास्तरांनी स्क्रू ढिला केला, केसभर सरकवलं, आवळला. त्यांनी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "वाढली." मग उलटीकडे सरकवलं. बाईंनी डोळे मिटले, मान वाकडी केली. मास्तर त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. असं दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

"गेली," बाई म्हणाल्या.

"नक्की?"

"गेली म्हटलं ना."

"जोरात चालवतो. आता?"

"गेली."

"नीट ऐकलंत ना? की मला बरं वाटावं म्हणून—"

"काका, आता मी बोलते ते ऐकू येतं ना तुम्हाला? मग ऐका की. गेली! उठा आता माझ्या स्टुलावरून, काम पडलंय."

मास्तर उठले. बाईंनी कापड लावलं, शिवायला घेतलं आणि टाके सरळ पडत गेले. तरी मास्तर पेटी भरायला उगीच वेळ लावत राहिले. मग निघाले. जिन्यात मधेच थांबून त्यांनी सवयीनं वर कान दिला. मशीनं चालू असणार, पण वरून खाली येत होतं ते बायकांचं हसणं, लख्ख, एकेकीचं वेगळं. कोणीतरी त्यांचीच नक्कल करत होतं. "नक्की? नीट ऐकलंत ना?" पुन्हा हसणं.

मास्तर चिडले. दोन पायऱ्या चढून वर गेले. मग काय सांगणार तिथे जाऊन, म्हणून परत उतरले. खाली पोचल्यावर त्यांना वाटलं, जोरात नाही, अगदी सावकाश चालवून एकदा बघायला हवं होतं. आणि पेटी तिथेच भिंतीशी ठेवून ते पुन्हा जिना चढायला लागले.