थेंब नक्की कुणाला?

दाजीबानपेठेतल्या कुमुदच्या सासरी एक रीत होती. सासूसमोर सुनेनं आपलं मूल मांडीवर घ्यायचं नाही, जावेचं घ्यायचं. त्यामुळे पोलिओचे थेंब पाजायला सगळं घर शाळेत गेलं, तेव्हा कुमुदच्या कडेवर जावेचा रघू आणि जाऊ शैलाच्या कडेवर कुमुदचा विनू होता. दोघं दीड वर्षांचे. नुकतंच एकाच दिवशी जावळ काढलेलं, अंगात एकाच ताग्याची झबली. गर्दीत मुलं कधी सासूबाईंकडे गेली, कधी परत आली, कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

बाहेर आल्यावर शैला म्हणाली, "मी पाजून आणला तो रघूच ना?"

"रघूला तर मी पाजलं!"

"मग विनूचं राहिलं की काय?"

दोघींनी सासूबाईंकडे पाहिलं. "मला काय विचारता गं? दोन्ही डोकी तुळतुळीत!"

बोटाला शाई लावणं तेव्हा नव्हतं, मग थेंबांची खूण कुठे दिसणार? शेजारच्या शिंप्याच्या मुलाचा वाळलेला पाय कुमुद रोज पाहत होती. ती तडक आत गेली, मुलांना घेऊन बाकीच्याही मागोमाग.

कानडी नर्सबाई हसल्या. "अक्का, दोघांनाही परत पाजू. जास्त झाले तर एनू आगूदिल्ल, काही होत नाही. राहून गेले तर पंचाईत."

शैलानं सवयीनं विनूला उचललं.

"याला मी घेते," कुमुद म्हणाली आणि सासूबाईंच्या देखत त्याला मांडीवर घेऊन बसली. थेंब जिभेवर पडलेले तिनं डोळ्यांनी पाहिले.

"अगं, पण हा विनूच ना?" सासूबाईंनी विचारलं.

कुमुदनं वाकून एकदा त्याचा चेहरा पाहून घेतला.