चुकीच्या समुद्राकडे निघालेला नारळ

नारळी पौर्णिमेला बीडमध्ये बिंदुसरेच्या पुलावर एक बाई नारळ या हातातून त्या हातात घेत उभी होती. बोलण्यावरून कोकणातली वाटली.

“दादा, हे पाणी समुद्राला मिळतं ना?”

मी भूगोलात नापास झालेला, त्यामुळे भूगोल सांगायची हौस दांडगी. “मिळतं की ताई! लई लांब हाय, पण मिळतं. सिंदफणेतून गोदावरीत, तिथून थेट बंगालच्या समुद्रात. टाका बिनधास्त!”

तिचा उचललेला हात तिथंच थांबला. “माझा भाऊ होडी घेऊन कोकणच्या समुद्रात गेलाय. काल यायचा होता.”

“समुद्र आतून एकच असतात,” मी सावरासावर केली.

तिनं कठड्यावर बोटानं आखूड रेघ ओढली. “आमचा ओढा डोंगरावरून उतरला की लगेच खाडी. तिथलं पाणी ओहोटीला जातं, भरतीला परत येतं. हे नुसतं जातंय.”

तिनं भावाला पुन्हा फोन लावला. लागला नाही. नारळ पिशवीत टाकून ती निघाली.

“आता नारळाचं काय?” मी मागून विचारलं.

“त्याचा फोन आला की फोडीन.”

तेव्हापासून कुठंही नारळ फुटला की मी दचकून मागं बघतो.