बंद इंजिन ऐकणारे दत्ताकाका

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका गॅरेजात दत्ताकाका बंद इंजिनं ऐकायचे. चालू इंजिन कुठलाही मेकॅनिक ऐकतो. हे गृहस्थ गार पडलेल्या ब्लॉकवर लांब स्क्रूड्रायव्हर टेकवायचे, त्याची मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. "चालू असताना खोटं बोलतं रे. बंद केलं की खरं सांगतं," असं वर मलाच ऐकवायचे.

काका मूळचे गुहागरचे. मी अबूधाबीत वाढलेला. माझं मराठी ऐकून ते पोट धरून हसत. माझ्याकडे दोन दारांची जुनी अमेरिकन गाडी होती. तिच्यात स्मॉल ब्लॉक इंजिन होतं आणि मला हवं होतं बिग ब्लॉक. काकांच्या भाषेत एक धाकटा, एक थोरला. सिलिंडर दोघांचेही आठच, पण थोरल्याचं धूड मोठं, वजन जास्त आणि जोर दांडगा.

"थोरला सरळ रस्त्याचा," काका म्हणायचे. "वळणावर नाक जड होतं, गाडी पुढेच सरकते. तुला रोज सिग्नल, रोज राउंडअबाउट. धाकटाच बरा. वळवशील तिकडे वळतो."

"पण काका, थोरल्याचा साउंड ऐकलाय का तुम्ही?"

"तोच तर ऐकलाय."

मी हट्टाला पेटलो आणि भंगारातून एक थोरला उचलून आणला. काकांनी त्याला कान लावला. बराच वेळ ते हललेच नाहीत. मग हळूच म्हणाले, "ह्याचा शेवटचा माणूस ब्रेक दाबत होता. अजून दाबतोय."

भर दुपारच्या उकाड्यात माझ्या अंगावर काटा आला. तरी मी हसलो आणि दुसऱ्या गॅरेजात बसवून घेईन म्हणालो.

"तिथे कोणी ऐकणार नाही, नुसतं बसवून देतील. आणि तू जिवानिशी जाशील," काका म्हणाले. "त्यापेक्षा मीच बसवतो. पण पहिला आठवडा गाडी मी चालवणार. तोवर तू हात लावायचा नाहीस."

रोज संध्याकाळी ते एकटेच उम्म अल कुवैनच्या दिशेने जात. सातव्या दिवशी परतल्यावर त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "खलास. आता रिकामा आहे. ने."

गाडीत खरंच काही खोट नव्हती. पण उतरताना काकांचा उजवा पाय उचलेना. पुढे खुर्चीत बसले तरी तो जमिनीवर गच्च दाबलेलाच असे. डॉक्टरांना काही सापडलं नाही, आणि मालकाला लंगडा मेकॅनिक नको होता. महिन्याभरात काकांचा व्हिसा रद्द झाला.

विमानतळावर मीच त्यांना सोडायला गेलो, त्याच गाडीतून. ते शेजारच्या सीटवर होते. रस्ता मोकळा असतानाही प्रत्येक वळणाआधी त्यांचा पाय खाली दाबला जाई. मला लाज वाटत होती, आणि भीतीही. शेवटी मी विचारलं, "काका, मी तर ऐकत नव्हतो. मग तुम्ही हे अंगावर का घेतलंत?"

परक्या माणसाच्या पायाकडे पाहावं तसं त्यांनी आपल्या पायाकडे पाहिलं.

"तुझं अजून धावायचं वय आहे रे," ते म्हणाले. "मला कधीचं थांबायचंच होतं."