सीलबंद ॲम्ब्युलन्स

ऐंशीच्या दशकात मी भामरागडच्या वाटेवरच्या एका छोट्या दवाखान्यात होतो. काम मलेरियाच्या स्लाइड बघायचं. पावसाळ्यात नाले भरले की रस्ता बंद, टपाल बंद, आणि आम्ही तीच पाच माणसं आठ-आठ दिवस एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलेलो! मग किस्से साठणार नाहीत तर काय? बाकीचे राहू द्या, आज फक्त डॉक्टरसाहेबांच्या गाड्यांचे सांगतो.

साहेब पुण्याचे, इथे एकटेच राहायचे. वडील लवकर गेले, म्हणून मोठ्या भावानेच त्यांना वाढवलं, शिकवलं. हे दादा दुबईला नोकरीला. त्यांना खेळण्यातल्या बोटाएवढ्या लोखंडी गाड्या जमवायचा नाद! तिकडे खोलीत जागा नाही, म्हणून खोके धाकट्याकडे सांभाळायला पाठवायचे. खोक्याला समोर पारदर्शक खिडकी, दोन्ही टोकांची झाकणं पक्की चिकटवलेली. आणि प्रत्येक पत्रात एक ओळ ठरलेली: "सील फुटलं की गाडीची किंमत संपली! मी स्वतःसुद्धा आजवर एकही उघडलेली नाही."

साहेब सापाच्या पेशंटला घाबरायचे नाहीत, पण दादांचं पत्र उभं राहून वाचायचे.

*

एका लाल जीपने सगळा घोटाळा केला. तिचं दार खरंच उघडतं की नुसतं रंगवलंय, हे साहेब आठवडाभर खिडकीतून बघत होते.

शेवटी आमचे कंपाउंडर मेश्रामभाऊ वैतागले. "खोलून पाहाचं हाय का नुसतं खिडकीतून, साहेब?"

सुया उकळायचं भांडं स्टोव्हवर होतंच. भाऊंनी खोक्याचं टोक वाफेवर धरलं, ऑपरेशनचं पातं झाकणाखाली अलगद सरकवलं. साहेबांनी श्वास रोखलेला! झाकण सुटलं, कागदाचा एक पापुद्रासुद्धा निघाला नाही.

दार उघडत होतं. साहेबांनी ते निदान पन्नास वेळा उघडलं आणि मिटलं. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. मग धावड्याचा डिंक लावून खोका जसाच्या तसा बंद झाला.

"पेशंट शुद्धीवर हाय," भाऊ म्हणाले, आणि गोळ्यांच्या पुड्या बांधायला निघून गेले.

*

त्यानंतर काय, रांगच लागली! एकदा एक ट्रक उघडला, कापसाने पुसला, व्हरांड्यात फिरवला, पुन्हा बंद केला. तेवढ्यात आमच्या नर्स, रंगारी सिस्टर, आल्या. टाके घालून झाले की कापसाचे बोळे मोजायची त्यांची सवय. त्यांनी टेबलाकडे पाहिलं.

"बोळे पाच घेतले होते तुम्ही. इथी चारच हायत. पाचवा कुठी?"

आम्ही टेबलाखाली शोधलं, स्टोव्हमागे शोधलं. पाचवा खोक्याच्या खिडकीतून आमच्याकडेच बघत होता, ट्रकच्या हौद्यात बसून!

पुन्हा वाफ, पुन्हा पातं. तेव्हापासून सिस्टरनी बोळे मोजल्याशिवाय झाकण लावायचं नाही, असा नियमच झाला.

*

हा डिंक आणून द्यायचे जवळच्या पाड्यावरचे लालसू आजोबा. पाय मोडून आमच्याकडे पडले होते, तेव्हा त्यांनी ते खोके पाहिले.

"गाडी आत काऊन ठेवली?"

"खराब होऊ नये म्हणून," साहेब म्हणाले.

आजोबांनी अंगणात बघितलं. दवाखान्याची जीप पंधरा दिवस चिखलात उभी होती. "मंग तिले काऊन नाई ठेवलं खोक्यात?"

आम्ही पोट धरून हसलो. ड्रायव्हर बबनभाऊ मात्र दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. गाडीला नावं ठेवलेली त्यांना चालायची नाहीत. नवी गाडी सोडा, नवा टायर आला तरी हळद-कुंकू आणि लिंबू-मिरची झाल्याशिवाय ते चाक हलू द्यायचे नाहीत!

*

मग आली पांढरी ॲम्ब्युलन्स. सोबत पत्र: "ही माझी सगळ्यात लाडकी. हिला सांभाळ." ती मात्र साहेबांनी उघडली नाही. अगदी शपथेवर सांगतो, नाही उघडली.

हिवाळ्यात दादा गाड्या न्यायला स्वतः आले. साहेब सकाळपासून जेवले नव्हते. एकदा कळलं असतं, तर दादांनी पुन्हा विश्वास ठेवला नसता, हीच त्यांची भीती.

दादांनी माझं भिंग मागून घेतलं आणि एकेक खोका उजेडात फिरवून पाहिला. जीप. ट्रक. सगळे ठीक. "शाब्बास! कोणाकडे ठेवल्या असत्या मी एवढ्या विश्वासाने?" साहेबांनी मान खाली घातली.

शेवटी ॲम्ब्युलन्स. झाकणं पक्की, कडा कोऱ्या. दादांनी खिडकीला भिंग लावलं आणि थांबले.

"पुढे हे काय लटकतंय?"

साहेब पुढे झाले, मी पुढे झालो. बंपरला बारीक दोरा. त्यात हळदीने पिवळा केलेला ज्वारीचा एक दाणा, आणि खालीवर हिरव्या सुताचे दोन तुकडे.

"हे कंपनीने लावलं?"

दारातून बबनभाऊ पुढे आले. "मी लावलं जी. नवीन गाडी हाय, तशीच कशी ठेवाची? मेश्रामभाऊनं खोलून देल्ली वाफेवर. बाकीच्या खोलते ना, तशीच!"

मेश्रामभाऊंनी डोळे मिटून घेतले.

"बाकीच्या?" दादांनी साहेबांकडे पाहिलं. "सगळ्या?"

"सगळ्या, दादा."

दादांनी ॲम्ब्युलन्सच्या चिकटवलेल्या झाकणावरून बोट फिरवलं. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं, बाकडं ओढून स्टोव्हजवळ घेतलं.

"मेश्राम," ते म्हणाले, "पाणी ठेवा."