सरांचा तो डाव
नीलगिरीच्या तेलाचा वास आला की मला बुद्धिबळ शिकवणारे सर आठवतात. गुडघ्यांना ते तेल चोळूनच ते पटावर बसायचे. पुढं गुडघ्यांमुळे त्यांचं क्लबात येणं थांबलं आणि आम्ही मोबाईलवर खेळू लागलो. एका दुपारी मी त्यांना पहिल्यांदाच हरवलं. त्यांनी वजीर फुकट घालवला होता, पण आनंदाच्या भरात मला त्याचं काही वाटलं नाही. ॲपमध्ये राहिलेला तो अख्खा डाव मी त्यांना न विचारता क्लबच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात हसण्याचा पूर आला. कुणीतरी लिहिलं, "सरांनी वजीर आंदण दिला की!" संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. सर रागावले नाहीत. बायकोकडे बघत हळू म्हणाले, "मला इसराय हुतंय आता. हिला आन् डॉक्टरला, दोघास्नीच म्हाईत हुतं. डाव आपल्या दोघातला हुता की रं. इचारायचं तरी." मी तिथंच तो डाव ग्रुपवरून काढला, पण तोवर तो पार गडहिंग्लजपर्यंत फिरला होता. सर पुन्हा कधी खेळले नाहीत. गेल्या महिन्यात माफी मागायचीच असं ठरवून गेलो, तर त्यांनी हसून विचारलं, "कुठलं पावणं तुम्ही?"